दुखवट्याला गेलो आणि गाडी विकून आलो

दुखवट्याला गेलेल्या माणसानं तिथं गाडी विकू नये, असं कुठंही लिहिलेलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, पण दिसेल ते सगळं वाचते. भिंतीवरचं, एसटीच्या पाठीवरचं, भजी बांधून आलेल्या कागदावरचंसुद्धा. कुठंच नाही! तरी त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत मला जे ऐकवलं गेलं, ते लिहून काढलं तर पोथी होईल. म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्याआधी आपणच सांगून टाकावं.

आम्ही अकोल्याचे. आमचा बुढा (म्हणजे माझा नवरा, पन्नास वर्षं संसार केल्यावर बाईला एवढं म्हणायचा हक्क असतो) धान्य बाजारात मापारी होता. जन्मभर दुसऱ्यांची तूर आणि हरभरा मोजला, पण स्वतःच्या खिशातले पैसे मोजायचा त्याला भारी कंटाळा! काम सुटल्यावर हातात जे पैसे आले, त्यातून त्यानं मला न विचारता एक जुनी सात सीटांची व्हॅन आणून दारात उभी केली. रंग पांढरा, म्हणजे कधीकाळी पांढरा.

"हे कावून आणलं?" मी विचारलं.

"तुले शेगावले नेतो दर गुरुवारी."

"शेगावले रेल्वे जाते."

"रेल्वे दारात येते काय?"

मी आत जाऊन लिंबं आणली आणि चाकांखाली ठेवली.

पुढे मुलानं, म्हणजे प्रमोदनं, घरावर माडी चढवली. तो औषधाच्या दुकानात कामाला, सून सविता शाळेत शिकवते. दोघांचा पगार मिळून माडीच्या जिन्यापर्यंत पोचला, वर काही जाईना. तेव्हा माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. तीन तोळ्यांच्या. माझ्या लग्नातल्या नाहीत, मी स्वतः वीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून केलेल्या. सोनार म्हणाला होता, बाई, थोडी नक्षी काढू का? मी म्हणाले, नक्षी नको, वजन दे. अशा पाटल्या!

तीन वर्षं व्याज भरलं आणि मग पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत एक लाख बावीस हजार भरा, नाहीतर दागिन्यांचा लिलाव. पत्र मीच वाचलं. दोनदा वाचलं, की कुठं चुकून दुसऱ्याचं आलं असेल. नाव माझंच होतं.

त्याच दिवशी मी घरातल्या सगळ्या चाव्या गोळा केल्या. व्हॅन, प्रमोदची मोटरसायकल, सविताची स्कूटी. कणकेच्या डब्यात टाकल्या आणि जाहीर केलं, "आजपासून ज्याले कुठी जायचं, त्यानं मले सांगाचं. पायी जाता येत असन तर पायी. नसन जाता येत तर जायचंच कायले?"

प्रमोद सायकलनं दुकानात जायला लागला. पहिल्या दिवशी घामानं निथळत आला आणि म्हणाला, "आई, गिऱ्हाईक मलेच विचारून राहिलं, तुमाले कोणतं औषध देऊ!" सविता शेजारच्या बाईंच्या मागं बसून शाळेत जाऊ लागली, त्या बाई इतक्या हळू चालवायच्या की परिपाठ रोज बुडायचा. बुढ्यानं तर कमालच केली. रेल्वेपुलाच्या माथ्यावर व्हॅनचं इंजिन बंद करायचं आणि नुसत्या उतारावर घरापर्यंत यायचं, असा प्रयोग चालवला. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि उरलेलं अंतर आम्ही ती ढकलत आणली. शेजारची कमलाबाई ओट्यावर बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. ती म्हणाली, "हे बरं हाय वो. पेट्रोल वाचते अन् माणूसबी बारीक होते!"

असं करून महिन्याला अडीच-तीन हजार वाचणार होते. त्या वेगानं पाटल्या सुटायच्या तर मला शंभरी गाठावी लागली असती. मग मीच म्हटलं, व्हॅन विकायची.

बुढा संध्याकाळी फडकं घेऊन गाडी पुसायला गेला आणि एकच काच अर्धा तास पुसत राहिला. मी पाहिलं. पाहून आत आले आणि भाकरी टाकल्या.

प्रमोदनं मोबाइलवर गाडीचा फोटो टाकला. अमरावतीहून एकाचा फोन आला. सलीमभाई म्हणून होते, भाड्यानं गाड्या चालवायचे. म्हणाले, गाडी पसंत आहे, एक लाख दहा हजार देईन, पण एकदा दाखवायला आणा. आता आली पंचाईत! नुसती दाखवायला अमरावतीला न्यायची म्हणजे जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. आणि त्यानं नाही म्हटलं तर? पेट्रोल गेलं फुकट. मी म्हणाले, थांबा. अमरावतीला दुसरं काही काम निघू द्या.

आणि चौथ्या दिवशी रामभाऊ वारले.

रामभाऊ तीस वर्षं आमच्या गल्लीत राहिलेले. नंतर मुलानं त्यांना आणि त्यांची बायको सुमन हिला अमरावतीला नेलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, सकाळी चहा-पोहे खाऊन गेले. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण माणसाचं डोकं काही एका वेळी एकच काम करत नाही! डोळे पुसता पुसताच मी प्रमोदला म्हणाले, "त्या सलीमभाईले रामभाऊच्या घरचा पत्ता दे. म्हणा, उद्या दुपारी या."

"आई! लोक रडून राहिले असतीन तठी!"

"लोक आत रडतीन. गाडी बाहेर राह्यते."

गल्लीतल्या सहा जणांना यायचंच होतं. मी प्रत्येकाकडून पेट्रोलचे दीडशे रुपये घेतले, दारातून दारापर्यंत नेऊन आणायच्या बोलीवर. आम्ही तिघं – बुढा, सविता आणि मी – आणि ते सहा. सात सीटांत नऊ माणसं. कमलाबाई दोन जणांची जागा घेते, ते मी मोजतच नाही.

आता गाडीची एक खोड सांगायला हवी. ती तापायची. दर तीस-चाळीस किलोमीटरला तिला थांबवून पाणी पाजावं लागायचं. बुढ्याला त्यात काही वावगं वाटत नसे. "बैलाले नाही काय पाजत?" म्हणायचा. जाताना मूर्तिजापूरला पाजलं, बडनेऱ्याला पाजलं, आणि रामभाऊंच्या दारात गाडी कशी थंडगार, शहाण्या सुनेसारखी उभी राहिली.

आम्ही आत गेलो. सुमननं मला पाहिलं आणि गळ्यात पडून हंबरडा फोडला. मीही रडले. तीस वर्षं एकाच नळावर पाणी भरलं होतं आम्ही, रडू येणारच. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. पीं! पुन्हा, पीं पीं! मग बॉनेट उघडल्याचा आवाज. मग इंजिन घरघरलं.

सुमन हुंदका थांबवून म्हणाली, "कोण होय?"

"कोणी नाही वो. गाडी पाहून राहिला एक जण."

"कोणती गाडी?"

"आमची. इकून राहिलो."

"आता?"

मी मान खाली घातली. सुमननं नाक पुसलं, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "कितीले मागून राहिला?"

"एक दहा म्हणते."

"सव्वाच्या खाली येऊ नोको. त्याईचं शेगाव झालं त्या गाडीत, पंधरा खेपा." आणि पुन्हा मोठ्यानं रडायला लागली. मी बाहेर गेले.

सलीमभाई गाडीभोवती फिरत होते. पन्नाशीचे, तोंडात सुपारी, बोलायला गोड. बुढा शेजारी उभा होता, पण त्याच्या तोंडून गाडीचं कौतुक सोडून काही निघत नव्हतं आणि किमतीचा आकडा तर मुळीच निघत नव्हता. मी सूत्रं हाती घेतली.

"मौसी, इंजिन बराबर हाय?"

"नवरीवानी हाय. हळद निघाली नाही अजून."

"गरमबिरम होते काय?"

बुढ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"गरम माह्यं डोकं होते, गाडी नाही!"

सलीमभाई हसले. सव्वा लाखावर सौदा झाला. बुढ्यानं कागदावर सह्या केल्या. मापारी माणूस, अक्षर मोत्यासारखं, पण त्या दिवशी दोन ठिकाणी शाई पसरली. मी नोटा मोजून कमरेच्या पिशवीत घातल्या, वरून पदर खोचला. सलीमभाई चावी घेऊन गाडीत बसले आणि धुरळा उडवत गेले. मी पुन्हा आत जाऊन सुमनजवळ बसले. इतकं हलकं वाटत होतं की तिला दोन घास खाऊ घातले.

पाच वाजता उठलो. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट्यानं चपला घालायच्या आणि चालू लागायचं. तसे आम्ही नऊ जण मुकाट्यानं चपला घालून रांगेनं फाटकाबाहेर आलो आणि उभे राहिलो.

कमलाबाई म्हणाली, "गाडी कुठी हाय?"

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! ज्या गाडीनं आलो तीच गाडी विकली, हे मला त्या फाटकाबाहेर कळलं.

"इकली," मी म्हणाले.

"इकली म्हणजे?"

"म्हणजे इकली. सव्वा लाखाले."

"अन् आमी?"

आता आमची गंमत पाहा. दुखवट्याच्या घरातून एकदा पाय बाहेर पडला की परत आत जाता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरीही जाता येत नाही. आधी आपल्या घरी जाऊन आंघोळ करायची, मग जगाला तोंड दाखवायचं. सविताची मावशी तिथून चार घरं पलीकडे राहते. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तिनं आम्हाला पाहिलं, आम्ही तिला पाहिलं. तिनं हात उचलला, मग आम्ही कुठून निघालोय ते लक्षात येऊन खाली केला. खिडकीत सुमन उभी. ती बोलावू शकत नव्हती, आम्ही जाऊ शकत नव्हतो. नऊ माणसं रस्त्याच्या कडेला, कोणी ओवाळून टाकल्यासारखी!

सविता हळूच म्हणाली, "आई, एसटीनं जाऊ. बायांले अर्धं तिकीट हाय, बाबांले तर फुकट."

हे ती बोलायला नको होती. कमलाबाईनं लगेच हिशोब लावला. "म्हणजे एसटीनं आलो असतो तर दीडशेच्या आत जाणं-येणं दोन्हीबी झालं असतं! अन् तू दीडशे घेऊन मले अर्ध्यातच सोडून राहिली काय वो? दारापावतर म्हणली होती तू!"

बाकीच्या पाच जणांनीही माझ्याकडे पाहिलं. मी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला. सव्वा लाख रुपये घेऊन संध्याकाळच्या एसटीत, त्या ढकलाढकलीत शिरायचं? दुसऱ्या दिवशी पतसंस्थेची शेवटची तारीख होती. पिशवी गेली तर पाटल्याही गेल्या आणि गाडीही.

मी सलीमभाईंना फोन लावला. "सलीमभाई, अकोल्याले जाणारी एखादी गाडी हाय काय, भाड्यानं?"

"हाय ना मौसी. एक नवीनच घेतली आज."

"कितीले?"

"अडीच हजार."

"अडीच? इतकी तर तिची लायकीबी..." मी थांबले.

"मौसी, नवरीवानी गाडी हाय. हळद निघाली नाही अजून. तुमीच सांगतलं."

बावीसशेवर ठरलं. दहा मिनिटांत आमचीच व्हॅन आमच्यासमोर येऊन थांबली, आणि मी पैसे मोजून आमच्याच गाडीत भाडोत्री म्हणून बसले.

बुढा पुढं बसला, सलीमभाईंच्या शेजारी. हातात गाडीचं चाक नव्हतं तर तोंड चालवत होता. "दुसऱ्या गेरमध्ये जरा दाबून टाका... डावं दार लावताना उचलून लावा... आता हॉर्न नोका वाजवू, तिले आवडत नाही." मागं कमलाबाईला डुलकी लागली. मी मनात किलोमीटर मोजत होते. बडनेरा गेलं. बुढ्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. आणखी दहा किलोमीटर गेले. बुढ्यानं पुन्हा पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम. गाडी तापत होती की बुढा, कळेना!

"काय झालं चाचा?" सलीमभाईंनी विचारलं.

"काही नाही," मी मागून म्हणाले. "त्याईले गाडी लागते."

"स्वतःची गाडी लागते?"

कुरूमच्या अलीकडे बुढ्याचा धीर सुटला. एवढ्या मोठ्यानं ओरडला की कमलाबाई झोपेतून उठून देवाचं नाव घ्यायला लागली. "अरे थांबवा तिले! पाणी पाजा! मरून जाईन थे!"

आणि त्याच क्षणी पुढून भस्सकन वाफ निघाली.

गाडी कडेला घेतली. सगळे उतरले. बुढ्यानं सीटखालचा पाण्याचा डबा बरोबर काढला, फडकं बरोबर काढलं, झाकण बरोबर किती वेळानं उघडायचं तेही सांगितलं. सलीमभाई सगळं पाहत उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

ते म्हणाले, "मौसी, तुमी मयतीच्या घरी आलते. म्हणून मी जास्त पाह्यलं नाही. म्हटलं, असं माणूस आज खोटं नाही बोलत."

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला. कमलाबाईनंसुद्धा तोंड फिरवलं, आणि कमलाबाई तोंड फिरवते म्हणजे प्रकरण गंभीर!

"कितीचा खर्च हाय?" मी विचारलं.

"रेडिएटर बदलाचं म्हणलं तर पाच हजार."

मी रस्त्याच्या कडेला पाठ करून पिशवी काढली आणि पाच हजार मोजून दिले. बावीसशे आधीच गेले होते. एक लाख सतरा हजार आठशे उरले. लागत होते एक लाख बावीस. चौथी शिकलेल्या बाईला हे गणित तोंडी येतं, आणि आलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी आलो, आंघोळी झाल्या. प्रमोद म्हणाला, माझ्याजवळ चारशे आहेत. सविता पर्स उलटी करून बसली. बेचाळीसशे रुपयांसाठी तीन तोळे जाणार होते! मी भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. नाही तरी कामाच्या हाताले पाटल्या अडचणच."

बुढा उठला. देवळीतल्या फोटोमागं हात घातला आणि एक पुडकं काढून माझ्या मांडीवर टाकलं. पाचशेच्या नोटा, नऊ.

"हे कुठले?"

"सीट कव्हरचे. जमवून राहिलो होतो दोन वर्षांपासून."

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तर जमले असते काय?"

मी नोटा मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी पाटल्या सुटल्या. पतसंस्थेतल्या मुलीनं पावती दिली आणि विचारलं, "आजी, आता परत ठेवणार नाही ना?" मी म्हणाले, "आता बांधाले माडी नाही अन् इकाले गाडी नाही." तिथंच हातात घातल्या आणि बुढ्याबरोबर पायी घरी आले. वाटेत तो एकदाच बोलला. "रेडिएटर बदलवीन ना थो?" मी म्हणाले, बदलवीन. त्यावर तो बरं म्हणाला.

बुढा मागल्या वर्षी गेला. दुखवट्याला सुमन अमरावतीहून आली होती, एसटीनं. ती म्हणाली, "मी तुह्यावानी काही इकाले नाही आणलं." आम्ही दोघी तिथंच हसलो, लोकांनी पाहिलं.

आता माझं वर्षातून दोन-तीनदा अमरावतीला जाणं होतं, तिलाच भेटायला. सविता दर वेळी म्हणते, आई, एसटी आहे, तुमालेबी आता फुकट झाली. मी म्हणते, माझे गुडघे दुखतात. गुडघे माझे धडधाकट आहेत, मी आजही पायी बाजार करते. पण फोन लावते सलीमभाईंना आणि म्हणते, दुसरी कोणती नको, तीच पाठवा. पुढच्या सीटवर बसते. ड्रायव्हरला सांगते, डावं दार उचलून लाव. सलीमभाई हसून म्हणतात, "मौसी, गाडी तुमचीच समजा."

मी माझीच समजून बसते. उतरताना मात्र ते त्यांची समजून पैसे घेतात!